जुनी चौकट

१९८८ साली इंदुरात माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिका छापून आल्या, त्यात आम्ही काळ्यांचे ‘काले’ झालो होतो. छापखान्यातील हिंदी खिळ्यांत ‘ळ’ नव्हता. बाबांनी तीनशे पत्रिकांवर पेनाने ‘ळ’ काढला. बोलले काहीच नाहीत.

तो सल मनात धरून मी एका बंद पडलेल्या कारखान्यातून स्क्रीन प्रिंटिंगचे जुने सामान घेतले. पारख मुळीच नव्हती. घरी चौकट काचेवर ठेवली, तर एक कोपरा अधांतरी. जाळी सैल, म्हणून अक्षरे दुणावली. स्क्वीजीच्या रबराची धार बोथट, म्हणून शाई जास्त उतरली आणि ‘ळ’चे दोन्ही डोळे बुजले!

मग उमगले, की जुने घ्यावे ते लाकूड, तेही काचेवर पारखून. जाळी, रबर, इमल्शन आणि शाई मात्र नवीच हवी. सरळ निघालेल्या दुसऱ्या चौकटीवर मी नवी जाळी ताणून बसवली.

पुढच्या वर्षी बहिणीच्या बाळाचे बारसे आमच्याकडेच झाले. त्याचे आमंत्रण मी घरीच छापले. पहिली प्रत हाती घेताच बाबांनी सवयीने पेन काढले, क्षणभर पाहिले आणि पुन्हा खिशाला लावले.