दादा, एक ऑपरेशन अजून बाकी आहे

प्रिय दादा,

तू पुन्हा फर्स्ट शिफ्टला जायला लागलास, असं वहिनी म्हणाली. जखम भरली, टाके गळले, लघवीही नीट होते. मग आता दुसरं ऑपरेशन कशाला, असं तू डॉक्टरांनाच विचारलंस म्हणे. ‘जांघेत हाताला काही लागत नाही, तर चिरायचं कशाला?’ तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. नाव न घालता हे छापायला तू हो म्हणालास, याचं मला फार मोल वाटतं. सातपूरच्या एमआयडीसीत आणखी कुणी मलमाची ट्यूब डब्याच्या पिशवीत दडवून कामावर येत असेल, तर हे त्याच्याही हाती पडू दे.

तू सात-आठ महिने गप्प राहिलास. लिंगाची पुढची कातडी मागे सरत नव्हती, आतला चट्टा दिसत नव्हता. मेडिकलवाल्याने खाजेचं मलम दिलं, मग दुसरं दिलं. कपडे भिजवताना वहिनीला रक्ताचा डाग दिसला, तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. यात तुझ्या एकट्याचं काही नवल नाही. पुरुषांच्या वॉर्डात मी निम्मी नोकरी काढली आहे. या दुखण्याचा पेशंट लवकर आला, असं क्वचितच पाहिलं. लाज आणि भीती दोन्ही असतात. त्यात लोक काय म्हणतील हे येतंच, कारण ‘तिथलं’ दुखणं म्हटलं की माणूस कुठे गेला होता याचाच आधी हिशेब लागतो.

तो हिशेब मनातून काढून टाक. लिंगाच्या कर्करोगाचा आणि चारित्र्याचा संबंध नाही. न सरकणारी कातडी, तिच्याखाली साचणारा मळ, वर्षानुवर्षांची सूज ही मोठी कारणं आहेत. तंबाखूही त्यात आहे, मग ती ओढा नाहीतर चुना लावून गालात धरा. बऱ्याच रुग्णांत एचपीव्ही हा विषाणू सापडतो, पण तो इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधीतरी भेटून जातो. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या खेड्यांतल्या पुरुषांच्या नोंदींत हा कर्करोग ठळकपणे दिसला. युरोप-अमेरिकेत तो लाखात एकाहूनही कमी पुरुषांना होतो. म्हणजे हे आपल्या शेतकरी-कामगार पुरुषांचं दुखणं आहे, आणि त्यांच्यातच त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता जांघेचं. लिंगातून निघणारा लसिकेचा प्रवाह दोन्ही जांघांतल्या ग्रंथींकडे जातो. रोग एका बाजूला असला तरी तो दुसऱ्या बाजूच्या ग्रंथीतही उतरू शकतो. तिथून तो ओटीपोटातल्या ग्रंथींत जातो आणि मग पुढे शरीरभर. हा कर्करोग सहसा ही पायरी चुकवत नाही. म्हणूनच जांघेत पोचलेला रोगसुद्धा वेळेवर काढला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. ही संधी सगळ्या कर्करोगांत मिळत नाही. रमोन काबानास या शल्यचिकित्सकाने 1977 मध्ये याच आजाराच्या रुग्णांवरून दाखवलं की रोग आधी कुठल्या ग्रंथीत उतरतो हे शोधता येतं. आज स्तनाच्या कर्करोगात रंग टाकून पहिली ग्रंथी तपासतात, त्यामागे हाच विचार आहे.

आणि हाताला लागत नाही, याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही. जांघ चाचपून काहीच न लागलेल्या दर चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली रोग निघतो. तुझ्या रिपोर्टात रोग आतल्या स्पंजासारख्या भागात शिरल्याचं आणि ग्रेड तीन असल्याचं लिहिलं आहे. अशा वेळी ही शक्यता आणखी वाढते. तू म्हणशील, गाठ आली की काढू. अ‍ॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेने 2005 मध्ये नेमकं हेच तपासलं. रुग्ण मोजकेच होते, 40. सगळ्यांच्या जांघा सुरुवातीला साफ वाटत होत्या आणि सगळ्यांच्याच ग्रंथींत पुढे रोग निघाला. ज्यांच्या ग्रंथी लपलेला रोग हुडकून लवकर काढल्या, त्यांच्यापैकी 84 टक्के तीन वर्षांनी या आजारातून वाचलेले होते. गाठ हाताला लागेपर्यंत थांबलेल्यांत हेच प्रमाण 35 टक्के होतं. दादा, रोग तोच आणि ऑपरेशनही तेच होतं. फरक फक्त वाट पाहण्याचा होता.

याची दुसरी बाजूही सांगते. ग्रंथींत रोग नसेल तर पाच वर्षांनी दहातले आठ-नऊ जण हयात असतात. एक-दोन ग्रंथींत असेल तरी बरेच जण वाचतात. ओटीपोटात पोचला की मात्र आकडे झपाट्याने घसरतात, आणि मग केमो, लाईट सगळं देऊनही हाती थोडंच लागतं. तू आज कुठल्या पायरीवर आहेस, हे जांघ उघडल्याशिवाय कळणार नाही.

ऑपरेशन सोपं आहे असं मी म्हणणार नाही. जांघेची जखम भरायला वेळ घेते, कडा काळी पडते, पाणी साचतं, नळी बरेच दिवस राहते. पाय सुजू शकतो, आणि तू आठ-आठ तास लेथवर उभा असतोस. घट्ट मोजे घालावे लागतील, कदाचित बसून करायचं काम मागावं लागेल. पण आता पूर्वीइतकं मोठं चिरावं लागेलच असं नाही. काही ठिकाणी आधी रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली ग्रंथी तपासतात, काही ठिकाणी दुर्बिणीतून करतात. यातलं तुला काय लागू पडेल, ते डॉक्टरांना विचार. ‘नको’ म्हणायच्या आधी निदान एवढं विचार.

पहिल्या ऑपरेशनआधी तू वहिनीला म्हणाला होतास, ‘आता मी पुरुष राहणार नाही.’ नळी काढली त्या संध्याकाळी तू मोरीत गेलास तेव्हा ती दाराबाहेर उभी होती. तुला माहीत नसेल. आतून आवाज आला आणि ती मला फोनवर एवढंच बोलू शकली, ‘उभ्याने गेले गं.’ अर्धा अवयव राखून केलेल्या या ऑपरेशनात बहुतेकांना उभ्याने लघवी करता येते आणि नवरा-बायकोचं नातंही राहतं. धाकट्या बहिणीने हे लिहावं का, असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

पैशाचंही बघून ठेवलं आहे. ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग आहे. तुझी नोकरी आणि वर्गणी पुरेशी भरते, त्यामुळे वाढीव आजारपणाच्या लाभात पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते, दोन वर्षांपर्यंतही. त्र्यंबक रोडच्या आपल्या कामगार विमा रुग्णालयातून रेफरलचा कागद करून घे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाची ऑपरेशनं बसतात. वहिनीलाही गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायला सांग, कारण एचपीव्हीचा धोका दोघांनाही असतो. आणि तुझ्या चिंटूला आंघोळीच्या वेळी कातडी हळूच मागे घेऊन धुवायला शिकव. सरकत नसेल तर ओढू नकोस, डॉक्टरांना दाखव.

दुसरं मत हवं असेल तर परळला टाटाला जाऊ. सकाळी नाशिक रोडला पंचवटीने बसू, दादरला उतरू. राहायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा टाटाच्या पेशंटांसाठी आहे. पहिल्या ऑपरेशनचा तुकडा जिथे तपासला, तिथून त्याच्या काचा आणि मेणाचे ठोकळे दोन्ही लेखी अर्ज देऊन मागून घे. नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नकोस, तिथे ते पुन्हा तपासतात. या आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी आहे ते वहिनीकडे कळव, म्हणजे मला तिकीट काढता येईल.

तुझी,
धाकटी