वाढ्याचा पीळ

लोणीच्या पुढे रस्त्याला लागून उसाचा फड चालू होता. एक बाई मोळी बांधत होती. दोरी नाहीच, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं घ्यायचं, त्याला पीळ द्यायचा आणि मोळीखालून ओढून घ्यायचा. पीळ देताना तिने कोपर अंगाशी आणून काटकोनात दुमडलं. प्रत्येक मोळीला. पलीकडचा माणूसही तसंच करत होता. हात लांब ठेवून कुणीच पीळ देत नव्हतं.

कोपराखाली दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं जवळजवळ जागेवर राहतं. अंगठ्याच्या बाजूचं, म्हणजे रेडियस, त्याच्यावरून फिरतं, म्हणून पालथा तळवा उताणा होतो. दंडाच्या पुढच्या बायसेपची कंडरा या फिरणाऱ्या हाडालाच आतल्या अंगाने चिकटलेली. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. बायसेपने ओढलं की हाड फिरतं, आणि कोपर काटकोनात असतं तेव्हा ती ओढ सर्वांत जोरकस. हात सरळ केला की तिचा जोर ओसरतो. तळवा फिरवण्याचं हे काम लिओनार्दो दा विंचीनेही टिपून ठेवलं आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रेतांची चिरफाड करून. फडात ते पोरवयातच अंगात मुरतं.

तालमीतली पोरं फुगवून दाखवतात त्या बेटकुळीचं मला फारसं कौतुक नाही. कोपर दुमडायचा मुख्य भार तिच्याखाली दडलेला ब्रेकियालिस उचलतो, आणि कोयता चालतो तो दंडाच्या मागच्या ट्रायसेपवर. हा कोपराच्या टोकाला, सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला. जरासा आखडला की पातं मोठा फेरा मारतं. तोडणाऱ्यांचे दंड बारीकच दिसतात. बघायचा तो कोपराखालचा हात.

बोटांत स्नायू नाहीतच. कोयत्याची मूठ आवळणारे स्नायू कोपराशी सुरू होतात आणि त्यांच्या कंडरा मनगटातल्या अरुंद बोळातून बोटांपर्यंत जातात. मनगट आत दुमडा आणि मूठ आवळून बघा, नीट आवळत नाही. मूठ घट्ट बसायची तर हाताच्या पाठीकडच्या स्नायूंनी मनगट ताणून धरावं लागतं. म्हणजे मिटणाऱ्या मुठीत मनगट ताणणारे स्नायूही राबत असतात. साखर बुडख्यात जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. कमरेत वाकून एक घाव बुडाशी, मग शेंडा छाटायचा, पाचट झटकायचं, की पुढचा ऊस. एवढ्या वेळात मूठ सैल होत नाही. पाठीकडचे ते स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर एकवटतात, आणि हंगाम सरत आला की ठणकतो तो नेमका तोच उंचवटा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता त्याच हातात असतो.

या भागात ऊस आला तो असा: भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून लोणीचा सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात गळीत करू लागला. या कर्तृत्वाचा नगरकरांना अभिमान आहे, मलाही आहे. पण तोडायला येणारे हात जिल्ह्याच्या कोरड्या अंगाचे, पाथर्डी-शेवगावचे, नाहीतर पलीकडच्या बीडचे. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. आगाऊ पैशांची उचल त्या कोयत्यावर. चार हातांची नोंद एका पात्यावर व्हावी, हे मला खुपतं.

मोळ्या बांधून उरलेल्या वाढ्याच्या पेंढ्या होतात. गाईवाले त्या विकत घ्यायला संध्याकाळी मोटरसायकली घेऊन बांधावर येतात. हे पैसे रोख मिळतात, उचलीत वळते होत नाहीत. मीठ-मिरची, तेल त्यावरच. मी पाहिलेल्या फडात भावाची घासाघीस बायकाच करत होत्या, आणि ज्या पेंढीला कमी भाव सांगितला जाई ती सरळ उचलून बाजूला ठेवत होत्या.