मागचं चाक तापतं तेव्हा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून गाड्या पोलादपुरात थांबतात, तेव्हा टपरीवरच्या चहाच्या वासात दुसरा एक वास मिसळलेला असतो. तापलेल्या ब्रेक लायनरचा. करपट, किंचित तिखट, नाकातून लवकर न जाणारा. गाडी हजार मीटरहून जास्त उंची उतरून आलेली असते. १,००० किलोची गाडी १,००० मीटर खाली आणायची, तर सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चालकाने खालचा गिअर टाकला असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं, थोडा वारा नेतो. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली, तर चार चाकांत मिळून जवळपास ३० लिटरचा बंब उकळेल एवढी उष्णता तयार होते. चढताना जो गिअर, उतरतानाही तोच, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या हिशोबातूनच आलेला आहे, आकडे न मांडता.

घाट उतरल्यावर चाकं तापली, यात दोष काहीच नाही. दोष दिसतो तो सपाट रस्त्यावर. तिथे ब्रेक लावायचं फारसं काम पडलेलं नसताना एखादं मागचं चाक चटका देऊ लागलं, तर ते चाक काहीतरी सांगतंय. ब्रेकवर पाय पडला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढच्या ब्रेकांकडे असतं. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, ते याच कारणाने परवडतं. पुढची चाकं गरम आणि मागची कोमट, ही गाडीची प्रकृती. ती उलटी झाली की कुठेतरी ब्रेक धरतोय.

तपासायला सुरुवातीला तळहात पुरतो. चांगल्या मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ चालवायचं, थांबताना गाडी शक्यतो आपोआप मंदावू द्यायची आणि उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचा. ड्रमला बोट लावायचं नाही, भाजतं. जवळ नेलेल्या हातालाही डावं-उजवं कळतं. हल्ली दुरून तापमान सांगणारी बंदूक स्वस्तात मिळते आणि ती उपयोगाचीही आहे, पण तुलना केल्याशिवाय तिच्यावरच्या आकड्यालाही अर्थ नाही. एकच मागचं चाक गरम असेल तर कारण बहुधा त्याच चाकाच्या आसपास. दोन्ही मागची गरम असतील तर संशय हँडब्रेकवर. आणि कधीकधी पुढच्या ब्रेकांवरही, कारण पुढच्यांनी अंग काढून घेतलं की त्यांचं ओझं मागच्यांवर पडतं. मागचं डावं आणि पुढचं उजवं अशी तिरकी जोडी तापली, तर मला ते सगळ्यात बोलकं लक्षण वाटतं. अनेक गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दोन वाटा अशाच तिरक्या वाटलेल्या असतात, त्यामुळे चाकं सोडून थेट मास्टर सिलिंडरकडे पाहायचं.

मग सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावायचे, जॅक लावायचा, खाली भक्कम स्टँड द्यायचा आणि हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवून पाहायचं. अडलं, तर हँडब्रेकची केबल गाडीखालून ढिली करायची. चाक मोकळं झालं तर चोर सापडला. कोकणात हे फार होतं. चार महिने पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा. केबलच्या आवरणात पाणी शिरतं, आतली तार गंजते. ओढली की जाते, पण सोडली की परत येत नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीचे शू ड्रमला चिकटूनही बसतात. म्हणूनच तिकडची जाणती माणसं गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. ही सवय मी शहरातही पाळावी असं सांगेन. तापलेल्या ड्रमवर तर हँडब्रेक ओढूच नये: ड्रम निवताना आकसतो आणि शूंना आवळून धरतो.

केबल ढिली करूनही चाक अडलेलंच राहिलं, तर पुढचा प्रश्न मला या सगळ्या तपासात सर्वांत सुंदर वाटतो. अडवतंय ते लोखंड की तेलाचा दाब? होज पाइपच्या वरचा जोड आधी सैल करायचा. चाक सुटलं, तर दाब वरून, मास्टर सिलिंडरच्या बाजूने अडलेला आहे. नाही सुटलं, तर चाकाजवळचा ब्लीडिंगचा निपल उघडायचा. आता तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दोषी होज. तेही जमलं नाही, तर जाम झालेला व्हील सिलिंडर, थकलेली स्प्रिंग किंवा वाकडा बसलेला शू. गुन्हेगार होज असेल तर बाहेरून त्यावर साधी चीरही दिसत नाही. आतला रबराचा थर फुगून वाट अरुंद झालेली असते. पायाचा जोर मोठा, तो तेल पलीकडे ढकलतो. परत आणायला फक्त स्प्रिंगा असतात, त्यांच्याने ते होत नाही. जीपसारख्या गाड्यांत मागच्या एक्सेलला मधोमध एकच होज असतो, तो असा बिघडला की दोन्ही चाकं तापतात आणि लोक उगाच दोन्हीकडचे शू बदलत बसतात.

मास्टर सिलिंडरमधल्या बिघाडाची चाल वेगळी. त्यात एक बारीक छिद्र असतं. तापून फुगलेलं तेल त्यातून टाकीत परततं. ते बुजलं, किंवा चुकीच्या जोडणीमुळे पेडल किंचित दाबलेलं राहिलं, तर तेलाला परतायला जागा नाही. गाडी सकाळी हलकी चालते, थोड्या वेळाने जड होते. तापलं की दाब वाढतो, दाब वाढला की आणखी तापतं.

हे सगळं शोधायला वेळ लागतो आणि आपण त्या वेळाचे पैसे द्यायला नाखूश असतो. नवा सुटा भाग हातात दिसतो, शोध दिसत नाही. म्हणून शू, सिलिंडर, ड्रम असं एकामागून एक बदलण्याची रीत पडली आणि निदान करू शकणारे मिस्त्री कमी होत चालले. मला याचं खरोखर वाईट वाटतं. आधी निपल उघडून पाहणाऱ्या मिस्त्रीला त्या पाहण्याचे पैसे वेगळे, न कुरकुरता द्यायला हवेत.

कारण सापडल्यावरही काम उरतं. अति तापलेल्या ड्रमवर निळसर डाग किंवा बारीक तडे दिसतात का, बेअरिंगचं ग्रीस वितळून वाहिलंय का, सिलिंडरचे रबर कडक झालेत का, हे पाहायचं. शू बदलायचे तर दोन्ही बाजूंचे जोडीने. आणि ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं: नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ही हमी १४० अंशांवर येते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली तळाला जाऊन टेकतं. धरणारा ब्रेक आणि जुनं तेल एकाच गाडीत असतील, तर तिने घाटाकडे तोंडच करू नये. आधी दुरुस्ती, मग सपाट रस्त्यावर पुन्हा फेरी, आणि दोन्ही मागची चाकं सारखीच कोमट लागली तरच महाबळेश्वर.