अहिराची वाट

आमच्या घरी मासा शिजत नाही. तेव्हा माशाविषयी आम्ही लेखणी उचलावी, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु शतपथ ब्राह्मणातील मनूने हाती आलेला इवलासा मासा वाढवून अखेर समुद्रास पोचविला, ही कथा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगितली आहे. चिंचवडास पवनेच्या घाटावर बसले म्हणजे ती हटकून आठवते.

भीमेच्या खोऱ्यात ज्यास अहीर म्हणतात, तो सर्पाकृती मासा वाढतो गोड्या पाण्यात. जन्म मात्र समुद्रात. पिले खाडीतून नदीत शिरतात आणि कित्येक वर्षांनी, अंडी घालण्यापुरती, एकदाच समुद्राकडे परततात. रावेतच्या वरल्या अंगाने निघालेल्या अहिराची वाट पाहा. प्रथम रावेतचा बंधारा. पुढे मुळा, मग भीमा, तेथे १९८० साली पुरे झालेले उजनी. मग कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर, आणि समुद्रानजीक विजयवाड्याचा १९५७ चा प्रकाशम बंधारा! हे पाणी अडविले ते पिकांसाठी व नळांसाठी. त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. आमचाही हंडा त्यानेच भरतो. पण भिंत घालताना जुन्या वाटसरूची विचारपूस कोणी केली?

उपाय अगदी साधे आहेत. अहिराची पिले ओल्या, खडबडीत उतारावरून सरपटत चढतात. म्हणून परदेशी बंधाऱ्यास तिरपी फळी लावून तीवर ब्रशासारखे ताठ केस बसवितात व वरून पाण्याची बारीक धार सोडतात. खाडीच्या तोंडची दारे भरतीच्या वेळी जराशी किलकिली ठेवली, तरी पिले पाण्याबरोबर आत येतात. हॉलंडात १९३२ साली समुद्रास घातलेल्या ३२ किलोमीटरांच्या बांधातून माशांसाठी मुद्दाम वाट काढण्याचे काम अलीकडे हाती घेतले आहे. नागार्जुनसागरची १२४ मीटरांची भिंत फळीने कशी चढावी? न्यूझीलंडात अशा ठिकाणी पिले खाली धरून गाडीने वर नेऊन सोडतात. मनूने दुसरे काय केले होते! परतताना मात्र विजेच्या चक्रांतून अहीर वाचविणे अवघड. तेथे जाळ्या व वेगळा पाट हवा.

आरंभ विजयवाड्यापासून व्हावयास हवा, हे आम्हांस कळते. खालचे दार बंद असता रावेतला फळी लावून कोण चढणार? आणि इंद्रायणीवर वरचेवर येणारा पांढरा फेस पाहिला म्हणजे, आलेला पाहुणा राहील तरी का, अशी शंका येते. तरीही चाकणच्या कारखान्यात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यापाशी आम्ही फळीची गोष्ट काढली. तो हसला नाही. "गुरुजी, उतार किती अंशांचा लागतो?" एवढेच त्याने विचारले.