फळीवरचा मालधक्का

आमच्या घरी देवापेक्षा रेल्वेला जास्त अगरबत्त्या लागतात. म्हणजे सुवास देवाचा आणि काडी रेल्वेची. अगरबत्ती जळून गेली की खाली बोटभर बांबू उरतो. त्याचं टोक ब्लेडने तासून चपटं करायचं, दोन वाघिणींच्या आकड्यांमध्ये वरून अलगद घालायचं आणि चिमटीत पाव वळसा फिरवायचा. आकडे सुटतात. इंजिन एक वाघीण मागे ठेवून पुढे निघून जातं. बंगळूर हे अगरबत्त्यांचं गाव असल्याने हे अवजार मला रोज सकाळी फुकट मिळतं.

इंग्रजांची वॅगन मराठीने वाघीण करून टाकली, त्याबद्दल मी आपल्या भाषेचा ऋणी आहे. माझ्याकडे मीटरगेजच्या अशा आठ वाघिणी आहेत. प्रत्येकीची लांबी आठ सेंटीमीटर, पोटात शिसं भरून वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. हलकी वाघीण सांध्यावर रूळ सोडते, हे शिकायला मला एक वर्ष लागलं. यशवंतपूरजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटाच्या उंचीवर, आठ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद अशी एक फळी आहे. तिच्यावर या वाघिणी राहतात. फळीवरच्या गावाचं नाव मिरज.

मिरज का, याचं साधं उत्तर असं की मी तिथला. वडील एका हुंडेकऱ्याकडे कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी मला मालधक्क्यावर नेत. पण दुसरं उत्तर जास्त खरं आहे. शंटिंगचा, म्हणजे वाघिणी जोडण्या-सोडण्याचा, छंद असलेल्या माणसाला मिरजेसारखं स्टेशन शोधून सापडणार नाही. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरकडून मिरजेला येऊन टेकली. मीटरगेज तिच्या आधीपासूनच होती. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली. पुढची दोनेक दशकं एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ नांदत होते. त्यातली मीटरगेज बेळगाव, लोंढा, हुबळी, हरिहर, अर्सीकेरे करत थेट बंगळूरपर्यंत यायची. आज मी जिथे राहतो तिथून त्या रुळांचं एक टोक फार लांब नव्हतं, एवढंच.

छंदाच्या दुनियेत एचओ नावाचं माप चालतं. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीपट लहान. मिरजेचे तीन गेज त्यात बसवून पाहा. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज होतो साधारण १९.३ मिलिमीटर, १००० चा मीटरगेज होतो ११.५ आणि ७६२ चा नॅरोगेज होतो ८.८. बाजारात तयार रूळ मिळतात ते १६.५, १२ आणि ९ चे. म्हणजे दोन धाकटे भाऊ जवळपास खरे उतरतात, थोरला मात्र पावणेतीन मिलिमीटरने खोटा. मी तो खोटेपणा पत्करला आहे. ब्रॉडगेजचा एकच रूळ फळीच्या मागच्या कडेने जातो, त्याला खेटून मालधक्का, आणि धक्क्याच्या अलीकडे मीटरगेजचं यार्ड. नॅरोगेजला जागा उरली नाही. तिच्यासाठी भिंतीवर एक रंगवलेलं वळण आहे.

सुरुवात मात्र अशी नव्हती. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. ते पाहून आलो आणि डोक्यात रेल्वे शिरली. घरी जेवणाच्या टेबलावर रुळांचं लंबवर्तुळ मांडलं. गाडी फिरायची, मी बघायचो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की आपण गाडी सोडून पेपर वाचतो आहोत. गोल फिरणाऱ्या गाडीला कुठेच जायचं नसतं. तिचा हेवा वाटत नाही आणि काळजीही वाटत नाही.

मग हाती लागलं ते इंग्लंडच्या अॅलन राइट यांनी रचलेलं ‘इंगलनुक’ नावाचं कोडं. तीन सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. समोरच्या तोंडाशी इंजिन अधिक तीन वाघिणी राहतील एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच चिठ्ठ्या काढून निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी लावायची. आठातून पाच, आणि तेही क्रमाने, म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या. रोज एक लावली तरी अठरा वर्षं पुरतील. जागा मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि तिथेच सगळी गंमत आहे. तोंडाशी चौथी वाघीण मावली असती, तर कोडं निम्मं सुटलं असतं.

त्या कोड्यावर मी दोन वर्षं काढली. पण कोडं ते कोडंच. तिसऱ्या नंबरची वाघीण पाचवीच्या पुढे का, याला चिठ्ठी सोडून कारण नव्हतं. कारण सापडलं ते नकाशात. मिरजेहून दक्षिणेला निघालेल्या गाडीतून वाटेत वाघिणी सोडायच्या तर जी आधी सुटायची ती इंजिनापाशी हवी. म्हणजे हुबळीची पुढे, मग हरिहरची, मग दावणगेरेची, अर्सीकेरेची, आणि यशवंतपूरची सगळ्यांत मागे. मी चिठ्ठ्या टाकून दिल्या. आता क्रम भूगोल सांगतो.

वाघिणीगणिक एक कार्ड केलं, कार्डाला खिसा, खिशात बिल्टी. ‘हळद, दावणगेरे.’ ‘गूळ, यशवंतपूर.’ परत येताना ‘खोबरं, तिपटूरहून’ आणि ‘सुपारी, बिरूरहून’. सव्वा फुटाच्या फळीला एकदम बाजारपेठ फुटली. मालधक्क्याचाही नियम ठरवला. ब्रॉडगेजच्या एका वाघिणीतला माल मीटरगेजच्या एका वाघिणीत मावत नसे, म्हणून माझ्याकडे दोन मोठ्यांना तीन लहान असा हिशेब आहे. धक्क्याला तीन मीटरगेज वाघिणी लागल्याशिवाय पलीकडच्या दोन रिकाम्या होत नाहीत. आणि भरलेली वाघीण दोन खेळांपेक्षा जास्त काळ तशीच उभी राहिली, तर डेमरेज म्हणून मी पत्र्याच्या डब्यात दहा रुपये टाकतो. वडील डेमरेजला जेवढे घाबरायचे तेवढे ते साहेबालाही घाबरत नसत. डब्यात सध्या तीनशे दहा रुपये आहेत.

कारागिरीचे धडे या काळात आपोआप मिळत गेले. रुळांवरची धूळ हा शंटिंगचा पहिला वैरी. जोरात जाणारं इंजिन धुळीवरून निभावून नेतं, गोगलगायीसारखं चालणारं तिथेच थिजतं. दुसरा वैरी म्हणजे सांध्यातलं क्रॉसिंग, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात. माझ्या पहिल्या सांध्यांत ते प्लास्टिकचं होतं, म्हणजे त्या बोटभर जागेत वीजच नाही. इंजिन बरोबर तिथे थांबायचं, मी ते बोटाने ढकलायचो, आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, “अहो, बंद पडलं का?” शेवटी धातूच्या क्रॉसिंगचे सांधे बसवले. बंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या गल्ल्यांतून छोटे मायक्रोस्विच आणले आणि प्रत्येक सांध्याच्या दांड्याला असे जोडले, की सांधा बदलला की क्रॉसिंगची वीजही बदलते. त्या दिवसापासून बोट लावावं लागलं नाही. मला वाटलं, झालं, आता हे खऱ्या रेल्वेसारखं दिसतं.

तो भ्रम काकांनी घालवला. हे काका आमच्या शेजारच्या इमारतीत मुलाकडे राहायला आलेले, हुबळीचे, मीटरगेजच्या यार्डात शंटिंग जमादार म्हणून निवृत्त झालेले. मराठी धारवाडी वळणाचं, मध्येच कन्नड. मुलाने कौतुकाने त्यांना माझ्याकडे आणलं. मी ऐटीत खेळ दाखवला. इंजिन गेलं, जोडलं, ओढलं, सोडलं, दुसऱ्या सायडिंगला लागलं. सात मिनिटांत गाडी तयार. काका हात मागे बांधून बघत होते.

“झकास आहे की,” ते म्हणाले. “पण तुमच्या यार्डात भुतं कामाला आहेत काय?”

मला कळेना.

“आकडा कोणी सोडला? सांधा कोणी मारला? माणूस कुठाय?”

मी धक्क्यावरचे रंगवलेले पुतळे दाखवले. दोन सेंटीमीटर उंचीचे, एक हिरवा बावटा घेतलेला. काका हसले. “तो उभा आहे हो. चालतोय कुठे?”

मग त्यांनी मला सांगितलं ते मी कुठल्याच छंदाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. इंजिन वाघिणींना टेकलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. ते थांबतं. ड्रायव्हरला लाल दिसतं. मग माणूस दोन वाघिणींच्या मध्ये शिरतो, आकडा बसवतो, गाडी ब्रेकवर घ्यायची असेल तर व्हॅक्यूमचा होजपाइप जोडतो, बाहेर येतो, ड्रायव्हरला दिसेल अशा जागी जातो. हिरवा बावटा वरखाली हलला तर माझ्यापासून लांब जा, अंगासमोर आडवा हलला तर माझ्याकडे ये. पाचव्या वाघिणीपाशी आकडा सोडायचा तर माणसाला पाच वाघिणींच्या बाजूने चालत जावं लागतं, खडीतून, रात्री हातात कंदील, पावसात घसरत. मग सांध्याकडे. मग परत. “शंटिंगमध्ये इंजिन कमी चालतं, माणूस जास्त,” काका म्हणाले.

ते गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत शंटिंगचा वेग, खास आदेश नसेल तर, ताशी १५ किलोमीटरच्या आत हवा. स्फोटकांसारखा माल असेल तर ८. पंधराला सत्त्याऐंशीने भागलं की सेकंदाला ४.८ सेंटीमीटर. म्हणजे माझी आठ फुटांची फळी पार करायला एक्कावन्न सेकंद. मी ती वीस सेकंदांत पार करत होतो. पण वेगाचं सोपं होतं, तो बटणाने कमी झाला. अवघड होतं थांबणं. पाच वाघिणींच्या बाजूने चालायचं तर खरे पस्तीस मीटर. खडीतून माणसाला अर्धं मिनिट सहज लागतं. आकड्याला वीस सेकंद, होजपाइपला आणखी तेवढेच. एवढा वेळ इंजिनाने नुसतं उभं राहायचं, आणि मीही.

इथे या छंदातली एक जुनी अडचण समोर येते. लांबी सत्त्याऐंशीपट लहान करता येते, वेळ करता येत नाही. अमेरिकेत हौशी लोक घड्याळच चौपट वेगाने चालवतात, म्हणजे शंभर फुटांचा प्रवास दिवसभराचा वाटतो. पळणाऱ्या गाडीला ते चालतं. शंटिंगला चालत नाही, कारण माणसाचं पाऊल चौपट होत नाही. मी घड्याळ साधंच ठेवलं. सात मिनिटांची गाडी आता पन्नास मिनिटांत लागते. आधी मी त्या थांबण्यात चुळबुळ करायचो. हळूहळू त्याच वेळात पुढची चाल सुचायला लागली. एक वाघीण विनाकारण हलवली तर एका माणसाला पस्तीस मीटर फुकट चालायला लागतं, हे एकदा अंगवळणी पडलं की हात आपोआप जपून चालतो. माझ्या निम्म्या फालतू चाली त्या लाजेने गेल्या.

हे सगळं आता फक्त फळीवरच उरलं आहे. रेल्वेने १९९२ मध्ये देशभर एकच गेज करायचं धोरण घेतलं आणि त्या दशकातच मिरजेची मीटरगेज गेली. मालधक्क्यावर या डब्यातून त्या डब्यात पोती वाहणारे हमाल, त्यांच्या मागे पोती मोजणारे कारकून, सगळ्यांचं काम एकदम संपलं. वडिलांचंही. सुट्या वाघिणींची वाहतूकही राहिली नाही. आता मालगाडी म्हणजे अख्खा रेक, कोळशाची असेल तर साधारण अठ्ठावन्न वाघिणींचा. येते, रिकामी होते, जाते. जोडतोड नाही.

पण मी हळहळत बसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी गाडीने गेलं. पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी. ती गेली त्याच पंढरपूर-कुर्डुवाडीच्या वाटेने, जिथे पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज धावायची. गेज एक झालं होतं म्हणून ती गाडी सलग गेली. पाणी काही पोत्यांत भरून एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर नेता येत नाही. वडील तेव्हा होते. बातमी बघून म्हणाले, “बरं झालं, मध्ये आम्ही नव्हतो.”

काका गेल्या वर्षी परत हुबळीला गेले. जायच्या आधी एकदा खेळायला बसले. बोटं थरथरतात म्हणून काडी मी धरली, हुकूम त्यांनी दिले. इंजिन टेकलं की ते फळीच्या कडेवर दोन बोटांनी चालायचे, टक टक, टक टक, पाचव्या वाघिणीपर्यंत. तिथे थांबून मान हलवायचे. मग मी काडी फिरवायची.

काल रात्रीची गाडी हळदीची होती. इंजिन दावणगेरेच्या वाघिणीला टेकलं आणि उभं राहिलं. घरात शांतता झाली. दोन बोटं फळीच्या कडेवरून निघाली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, बंद पडलं का?”

“नाही गं. माणूस चालतोय.”