चंदेरी नको, पांढराच द्या

स्वयंपाकघरावरच्या टिनांना पांढरा रंग द्यायचा की नाही, यावरून आमच्या घरी वाद चालला होता. अकोल्याचा मे महिना. ओट्यापाशी उभं राहणं मुश्कील. आईचं म्हणणं, "पांढरं उन्हात कमी तापेल, कबूल. पण काळं लवकर निवतं. चुलीवरचं काजळलेलं पातेलं बघ, आणि घासलेलं बघ. पांढरी टिनं रात्रभर धग धरून बसली तर?"

पातेल्याचं निरीक्षण बिनचूक होतं, म्हणून तर उत्तर सुचेना. शेवटी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांकडून त्यांचं लांबून ताप मोजायचं पिस्तूल मागून आणलं. जर्मनच्या पातेल्याला बाहेरून ऑइलपेंटचा एक काळा पट्टा ओढला, एक पांढरा. उरलेलं घासून लख्ख. रंग वाळल्यावर त्यात पाणी उकळलं, पातेलं खाली उतरवलं आणि पिस्तूल रोखलं.

काळ्या पट्ट्यावर 92. पांढऱ्यावर 91. चकचकीत भागावर 47!

आईने तिथे बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "बिघडलंय तुझं यंत्र."

यंत्र धड होतं. ते वस्तूला शिवत नाही, तिच्यातून निघणारे अवरक्त किरण मोजून ताप ठरवतं. लख्ख धातू असे किरण फार थोडे सोडतो, उलट खोलीतलेच परतवतो. यंत्राला तेच दिसतात. पांढरा रंग मात्र काळ्याच्या बरोबरीने किरण सोडत होता. स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने 1804 साली गरम पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या चौकोनी डब्यावर हेच पाहिलं होतं. काजळीला 100 धरलं, तर पांढऱ्या कागदाला त्याने 98 दिले आणि चकचकीत पत्र्याला जेमतेम 12.

मग 'जो चांगला शोषतो तोच चांगला सोडतो' हा किरखॉफचा नियम? तो खराच आहे, पण एकाच तरंगलांबीपुरता, आणि शाळेत नेमकं हेच शेपूट गळतं. उन्हाचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. डोळ्याला रंग दिसतो तो तिथलाच. तापलेलं पातेलं किंवा टिन किरण सोडतं ते दहा मायक्रॉनच्या आसपास. तिथे पांढरा ऑइलपेंटही जवळपास काळाच. म्हणजे तो ऊन परतवतो आणि आतली उष्णता बिनदिक्कत बाहेर टाकतो. काजळलेलं पातेलं लवकर निवतं ते काजळीमुळे, तिच्या काळेपणामुळे नव्हे. (वारा आपल्या वाट्याची उष्णता नेतोच, तो रंग विचारत नाही.)

कोऱ्या टिनांची गत उलटी. ऊन बरंचसं परतवतात, पण जेवढं मुरतं तेवढं किरणांवाटे सोडायला त्यांना जमत नाही. रात्री गच्चीवर जाऊन पिस्तूल निरभ्र आभाळाकडे रोखलं, तर आकडा एकदम कोसळला. एवढी थंड जागा डोक्यावर उघडी असताना तिच्याकडे उष्णता न धाडणारं छप्पर कशाला ठेवायचं?

रंगाच्या दुकानात मालकाने चंदेरीचा डबा पुढे केला. "टिनांवर सगळे हाच मारतात, भाऊ." चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियमचीच भुकटी; ऊन परतवेल, पण किरण सोडण्यात पांढऱ्याच्या मागे. मी पांढरा घेतला.

आईने डबा पाहिला. "धुळीने चार महिन्यांत मातकट होईल हे." तेही खरंच. धुळीने किरण सोडणं फारसं घटत नाही, ऊन परतवणं मात्र घटतं. तेव्हा उन्हाळा लागायच्या आत शिडी लावून टिनं धुवायची, हे काम माझ्या नावावर लागलं आहे.