यकृताच्या दारातले जिवाणू

जलोदराच्या रुग्णाचं पाणी काढताना मी आधी त्याचा रंग बघतो. डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली सुई घातली की सिरिंजमध्ये फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी यायला हवं. गढूळ आलं की पोटात जंतुसंसर्ग झाल्याची शंका पक्की होत जाते. पण नितळ पाणीही फसवतं. म्हणून थोडं पाणी पेशी मोजायला जातं आणि थोडं तिथंच, खाटेशेजारी, ब्लड कल्चरच्या बाटलीत. एका घनमिलिमीटरमध्ये 250 किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी निघाल्या, तर कल्चरची वाट न बघता प्रतिजैविक सुरू करायचं. जोडीला शिरेतून अल्ब्युमिन. अल्ब्युमिनची बाटली महाग असते, नातेवाइकांचे चेहरे उतरतात. पण तिच्यामुळं मूत्रपिंडं वाचतात, जीवही वाचतो, हे 1999 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे.

अशा रुग्णाचं ना आतडं फुटलेलं असतं, ना अपेंडिक्स. मग जिवाणू येतात कुठून? बहुतेक वेळा त्याच्याच आतड्यातून. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून प्रतिहारी शिरेतून येतं. त्यात अन्नरस असतो, तसे जिवाणूंचे तुकडे आणि विषंही असतात. धडधाकट यकृत त्यांचा निकाल लावतं. जलोदर बहुतेकदा ज्यातून होतो त्या सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन कडक पडल्यावर, आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि यकृताचा पहारा ढिला पडतो.

अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या पट्ट्यात हा रुग्ण आमच्यापर्यंत उशिरा पोचतो. आधी गळ्यात काविळीची माळ पडलेली असते, मनगटावर डाग दिलेला असतो. कुणीतरी हात धुऊन कावीळ ‘उतरवून’ही दिलेली असते. तळहाताला आंब्याच्या सालीचा रस लावून वर चुन्याची निवळी ओतली की पाणी पिवळं पडतं. ते माझ्या हातावरही पडेल. मूळ आजार मात्र पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, नाहीतर दारू. अलीकडं मधुमेह आणि यकृतातली चरबीही.

अशाच एका रुग्णाच्या, ऊसतोड कामगाराच्या, मुलानं मला विचारलं होतं, “साहेब, पोटात जंतू हायेत म्हणता, मग त्या जंतूंनीच लिव्हर खराब केलं आसंल ना? कॅन्सर बी त्येच करतेत का?” प्रश्न अडाणी नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळा याच प्रश्नाशी झटताहेत.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथं राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट आढळली. रसायनांच्या चाचण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या, कसलंही रसायन न दिलेल्या उंदरांनाच यकृताची सूज आणि गाठी होत होत्या. यकृतात मळसूत्री आकाराचा जिवाणू सापडला. 1994 मध्ये त्याला हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस असं नाव मिळालं. जठराच्या अल्सरवाल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा हा भाऊबंद. पायलोरी शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, त्यामुळं यकृतातही असाच कुणी गुन्हेगार दडला असेल असं वाटणं साहजिक होतं. पुढं माणसाच्या यकृताच्या गाठींतही या कुळातल्या जिवाणूंचा डीएनए सापडला. पण चोरी झालेल्या घरात कुणी उभा दिसला म्हणून तोच चोर ठरत नाही. दार आधीच मोडलेलं असेल, तर कुणीही आत शिरेल. सिरॉसिसचं यकृत हे असं दार मोडलेलं घर आहे.

मला अधिक पटतो तो दुसरा धागा. 2012 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची आतडी प्रतिजैविकांनी जवळजवळ निर्जंतुक केली, तेव्हा यकृतातल्या गाठी खूपच कमी झाल्या. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी लठ्ठ उंदरांत दाखवलं की आतड्यातले काही जिवाणू पित्ताम्लाचं रूप बदलतात आणि तो पदार्थ यकृतात जाऊन कर्करोगाला खतपाणी घालतो. म्हणजे जिवाणूला यकृतात घर करायचीही गरज नाही. आतड्यात बसूनच तो आग धुमसत ठेवू शकतो. मात्र हे उंदरांतलं झालं. प्रतिजैविक देऊन माणसाचा यकृताचा कर्करोग टाळता येतो, असं सिद्ध झालेलं नाही. ‘जंतूचा कोर्स’ मागणाऱ्याला मी म्हणूनच नाही म्हणतो.

आणखी एक गोष्ट इथं सर्रास दिसते : सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी, वर्षानुवर्षं, कुणीही न सांगता. जठरातलं आम्ल जिवाणूंना अडवतं. ते कमी झालं की जलोदराच्या रुग्णात पोटातल्या संसर्गाचा धोका वाढलेला आढळतो. गरज नसेल तर ही गोळी मी चिठ्ठीवरून आधी काढतो. अंगदुखीच्या गोळ्याही काढतो, त्यांनी किडनी बसते. मोळ्या वाहणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघड जातं.

त्या मुलाला मी दोन कामं सांगितली. घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बी तपासणी करायची. आणि त्याच्या बायकोला दिवस राहिले होते, तर बाळंतपण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, न करता दवाखान्यात करायचं, म्हणजे बाळाला 24 तासांच्या आत लस मिळेल. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी दिवाळीनंतर निघणार होती. कारखान्याजवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं. खाली बापासाठी लिहिलं : ताप, पोटदुखी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या, पाणी तपासायला सांगा.